विसाव्याची आखणी

साताऱ्याच्या माणसाला पर्यटनाचा हंगाम म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. सप्टेंबर महिन्यात कासच्या पठारावर तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे फुलू लागली की पुण्यामुंबईच्या मोटारींची रांग यवतेश्वरच्या घाटात लागते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर या पठाराचेही नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि पुढे गर्दी इतकी वाढली की, एका दिवशी किती माणसे वर सोडायची याची मर्यादा घालावी लागली. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना त्या महिन्यातला रविवार नकोसा होतो. दारासमोर मोटारी उभ्या राहतात. कोणी पाणी मागते, कोणी रस्ता विचारते, कोणी काहीच न विचारता अंगणातील जास्वंद तोडते. फुले पाहायला आलेल्या माणसाने फूल तोडावे यात काही विसंगती आहे, हे त्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. तो सुट्टीवर असतो.

पायथ्याच्या अशाच एका घरात एका सप्टेंबरमध्ये निराळीच गडबड चालू होती. त्या वर्षी जानेवारीत घरातील आजींचे मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आणि मग आठ महिने सुनेने त्यांचे सर्व काही केले. स्वतःची पोस्टातली नोकरी सांभाळून पहाटे आजींची आंघोळ, औषधे, पायाचा व्यायाम; रात्री कण्हण्याचा आवाज आला की लगेच उठणे. सप्टेंबरात आजी काठी टेकीत अंगणात फिरू लागल्या. पण सून मात्र रात्री दोनदा आपोआप जागी होई, अंधारात कानोसा घेई आणि पुन्हा आडवी पडे. आजींनी ते पाहिले. म्हाताऱ्या माणसांनाही झोप लागत नाहीच. एके दिवशी त्यांनी मुलाला जवळ बोलावले.

"अरे, मी आता बरी झाले. हिला कोठेतरी घेऊन जा. जेथे हिला कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी ने. तोवर मी कराडला धाकट्याकडे राहीन."

मुलगा कोषागारात लेखापाल होता. वीस वर्षांत त्याने एकही रकाना कोरा सोडलेला नव्हता. आईची आज्ञा त्याने मोठ्या गांभीर्याने घेतली. रात्री जेवणे झाल्यावर त्याने मुलीच्या भूगोलाच्या नकाशांचे पुस्तक मागितले आणि दोन्ही मुलांना समोर बसवून विचारले, "कोठे जावे?"

धाकट्याने उत्तर दिले, "बेटावर. चारी बाजूंनी पाणी असले म्हणजे बाबांच्या कचेरीतले कोणी येणार नाही."

मुलगी आठवीत होती. तिने बंगालच्या उपसागरात, चेन्नईपासून तेराशे किलोमीटरांहून दूर, उभ्या मांडलेल्या मण्यांसारखी दिसणारी बेटे दाखविली. अंदमान ठरले.

आजींना हे कळले तेव्हा त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "विश्रांतीसाठी काळ्या पाण्यावर!" त्या म्हणाल्या. "आमच्या लहानपणी कोणी फार चिडले म्हणजे म्हणायचे, जा काळ्या पाण्यावर. आता तिकीट काढून जायचे म्हणा!" हसण्याचा भर ओसरल्यावर मात्र त्यांनी नातवंडांना बजावले की, बाकी काही पाहा न पाहा, तो तुरुंग पाहून या. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत कैद्यांच्याच हातांनी बांधून घेतलेला तो तुरुंग. मधला एक मनोरा, आणि चाकाला आरे असावेत तशा त्याच्याभोवती सात इमारती. त्यांपैकी तीनच आज उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात. म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचे तोंडही दिसू नये, अशी योजना. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ साली तेथे गेले आणि १९२१ पर्यंत तेथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच त्या तुरुंगात होते, आणि एकाच भिंतीच्या आत राहूनही भावाला भाऊ दिसत नव्हता. हे सांगताना आजी एकाएकी थांबल्या. एकांत हवा म्हणून माणसे बेटावर जातात आणि एकांत हीच शिक्षा म्हणून माणसांना त्याच बेटावर धाडीत असत, ही गोष्ट त्यांच्या मनात आली असावी. पण त्या तसे काही बोलल्या नाहीत.

मग आखणी सुरू झाली.

पहिला प्रश्न केव्हा जावे हा. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरच्या साधारण निम्मा. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, तेथला उरकत नाही. मे महिन्यात नैर्ऋत्येचे वारे पाऊस घेऊन येतात. ते ओसरतात न ओसरतात तोच ईशान्येचे वारे उरलेला पाऊस आणतात. आकाश खरे निवळते ते जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. शहाण्याने फेब्रुवारीत जावे. परंतु फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि मार्चअखेर तोंडावर आल्याने कोषागारातील माणसाला मान वर करायला सवड नसते. राहिला नाताळचा आठवडा. देशातील प्रत्येक शाळेची, कचेरीची आणि कुटुंबाची अडचण नेमकी हीच असल्यामुळे प्रत्येकजण नाताळच्या आठवड्यावरच येऊन थांबतो. हंगाम म्हणतात तो असा घडतो. तो निसर्ग ठरवीत नाही, शाळेचे वेळापत्रक ठरविते.

सप्टेंबरात तिकिटे पाहिली तर विमानाचा दर नेहमीच्या दुपटीहून अधिक होता आणि पाहता पाहता तो आणखी चढत होता. वडिलांनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या रात्री तिकिटे काढली. एवढे पैसे खर्च केल्यावर त्यांतील एकही पैसा वाया जाता कामा नये, असे त्यांना वाटू लागले. इतके दिवस जी विश्रांती होती, तिचा त्या क्षणापासून हिशेब झाला.

आठ दिवसांनी त्यांनी घरात एक तक्ता भिंतीला लावला. सहा दिवस, अठरा ठिकाणे. प्रत्येक ठिकाणापुढे जाण्याची वेळ, परतण्याची वेळ, खर्च, आणि काम झाल्याची खूण करण्यासाठी एक चौकोन. तक्ता पाहण्यासारखा होता यात शंका नाही. आईने पदराला हात पुसत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"चौथ्या दिवशी पहाटे तीनला उठायचे?"

"त्या रस्त्यावर मोटारींचा तांडा ठरलेल्या वेळी सोडतात. उशीर झाला की दुसऱ्या तांड्याची वाट पाहावी लागते."

"आणि दुसऱ्या दिवशी पाचला, पाचव्या दिवशी साडेचारला." तिने बोट खाली आणले. "मग घरी काय वाईट होते? घरी मी पाचलाच उठते."

वडील निरुत्तर झाले. पण तक्ता खाली उतरला नाही. तो उतरविण्याचे काम थोडे थोडे करून निरनिराळ्या माणसांनी केले.

सुरुवात मुलीने केली. तक्त्यात राधानगरचा सूर्यास्त सायंकाळी सहा वाजता लिहिला होता. "बाबा, सहा वाजता तेथे काळोख असेल," ती म्हणाली. ते ऐकेनात तेव्हा तिने वही आणली. आपल्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते. सातारा चौऱ्याहत्तर अंशांवर आहे, अंदमानची राजधानी ब्याण्णव अंशांच्या पुढे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे तेथला सूर्य साताऱ्याच्या सूर्यापेक्षा सुमारे सवा तास आधी उगवणार आणि तितकाच आधी मावळणार. घड्याळ मात्र दोन्ही ठिकाणी एकच. डिसेंबरअखेर तेथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपार लवकर संपते, म्हणून तेथे पुष्कळ कामे सकाळी लवकर सुरू होतात. वडिलांनी बेरीजवजाबाकी स्वतः करून पाहिली आणि निमूटपणे सहाचे पाच केले. आठवीतल्या मुलीने कोषागाराची चूक काढली, याचा त्यांना आनंद झाला की खेद, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही.

दुसरा धक्का दिला एका बेटाच्या साप्ताहिक सुट्टीने. वंडूरजवळ समुद्रातील राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या त्या उद्यानातील जॉलीबॉय नावाचे बेट त्यांनी सोमवारी घातले होते. चौकशी करता कळले की, सोमवारी ते बंद असते. आणि नुसते सोमवारीच नव्हे. पावसाळा आला की तेथे माणसांना जाऊ देत नाहीत, मग रेडस्किन नावाचे दुसरे बेट उघडतात. आळीपाळीने एकाला विसावा. हे कशासाठी, तर तेथील प्रवाळांसाठी. प्रवाळ म्हणजे खडक नव्हे. मोहरीएवढ्या जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या चुन्याची घरे बांधून ती भिंत उभी केलेली असते, आणि त्या जीवांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शेवाळे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. पाणी फार तापले की ही शेवाळे निघून जातात आणि प्रवाळ पांढरेफटक पडतात. २०१० साली उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा अंदमानातील प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. अशा दुबळ्या झालेल्या घरावर पाय देऊन माणूस उभा राहिला तर ते मोडते, आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून बेटाला सुट्टी. प्लास्टिकच्या बाटल्यासुद्धा तेथे नेऊ देत नाहीत.

"बेटालासुद्धा सोमवारची सुट्टी!" धाकटा आश्चर्याने म्हणाला. "आईला कोणत्या वारी असते?"

या प्रश्नाला घरात कोणी उत्तर दिले नाही. आजी काठीच्या मुठीकडे पाहत राहिल्या.

पहाटे तीनचा कार्यक्रम आईने स्वतः खोडला, तोही झोपेसाठी नव्हे. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो, हे तिने कोठेतरी वाचले. जारवा हे अंदमानचे मूळचे रहिवासी. त्यांची संख्या आज काहीशेच आहे. पलीकडच्या बाराटांग बेटावर चुनखडीच्या गुहा आहेत, त्या पाहायला म्हणून मोटारींचे तांडे पोलिसांच्या पहाऱ्यात या अरण्यातून जातात. गाडी थांबवायची नाही, छायाचित्र काढायचे नाही, काही द्यायचे नाही, असे कडक नियम आहेत. नियम असे का करावे लागले, हे कोणाच्याही लक्षात येईल. गुहेपेक्षा वाटेत माणसे दिसतील या आशेने जाणारे पुष्कळ असले पाहिजेत. आईला आपल्या दारासमोरच्या रविवारच्या मोटारी आठवल्या. काचेतून पाहणाऱ्या डोळ्यांची तिला सवय होती. "आपण तिकडे जाऊ नये," ती म्हणाली, आणि वडिलांच्या हातातील पेन्सिल घेऊन तिने ती ओळ आडवी खोडली. तक्त्यावर तिने केलेली ही एकच दुरुस्ती.

सर्वांत मोठी अडचण बोटीची निघाली, आणि खरे पाहता बेटाच्या प्रवासाची सगळी आखणी बोटीभोवतीच फिरत असते. राजधानीपासून हॅवलॉक बेट वेगवान नौकेने दीडदोन तासांवर, सरकारी बोटीने अडीच तासांवर आहे. या बेटाला एका इंग्रज सेनापतीचे नाव होते. २०१८ साली त्याचे स्वराज द्वीप झाले आणि शेजारच्या नीलचे शहीद द्वीप. १९४३ साली नेताजी सुभाषचंद्रांनी अंदमान-निकोबारला दिलेली ही नावे. स्वतः राजधानीचेही नाव २०२४ साली पोर्ट ब्लेअर जाऊन श्री विजयपुरम झाले आहे. त्यामुळे जुना नकाशा घेऊन आखणी करणाऱ्याची मोठी तारांबळ उडते. वडिलांनी परतीची बोट शेवटच्या दिवशी सकाळी आणि विमान त्याच दिवशी दुपारी धरले होते. हिशेबाने ते बरोबर होते. मध्ये तीन तास उरत होते.

कोषागारातील एका जुन्या सहकाऱ्याने ते पाहिले. ते अंदमानला जाऊन आले होते. "तुमचे गणित चोख आहे," ते म्हणाले, "पण समुद्राने तुमचे गणित वाचलेले नाही." मग त्यांनी डिसेंबर २०१६ ची हकिकत सांगितली. बंगालच्या उपसागरात वादळ उठले, बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक प्रवासी अडकून पडले. नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जहाजांना त्यांची सुटका करावी लागली. कोणाचे विमान चुकले, कोणाची औषधे संपली. वादळ मोठे असेल तेव्हाच असे होते असेही नाही. वारा थोडा वाढला तरी बोटी थांबवितात, आणि ते योग्यच आहे. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच राजधानीत परत यावे आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा.

"मोकळा म्हणजे?" वडिलांनी विचारले.

"मोकळा म्हणजे मोकळा. त्यात काही लिहू नये."

वडिलांना हे पटले, पण सोसले नाही. कोरा रकाना म्हणजे त्यांच्या दृष्टीने राहिलेले काम. दोन दिवस ते त्या रिकाम्या जागेपुढे पेन्सिल घेऊन बसले. एकदा त्यांनी तेथे 'मत्स्यसंग्रहालय' असे लिहिले, आणि रबराने पुसून टाकले. अखेर तक्ता राहिला तो असा: पहिल्या दिवशी पोहोचणे, दुसऱ्या दिवशी तुरुंग, तिसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप, चौथा दिवस कोरा, पाचव्या दिवशी परत, सहाव्या दिवशी विमान. कोऱ्या दिवसाच्या शेवटी मात्र 'सायंकाळी पाच, राधानगर, सूर्यास्त' एवढी एक ओळ त्यांनी हट्टाने ठेवली. अठरापैकी ती तरी वाचावी, असे त्यांना वाटले असेल. राधानगरचा किनारा सर्व देशात नावाजलेला आहे.

डिसेंबर आला. प्रवासाचे वर्णन लांबविण्याचे कारण नाही. विमानतळ आणि धक्के सगळीकडे सारखेच असतात, आणि नाताळात ते अधिकच सारखे असतात. तुरुंगात मुले आपण होऊन हळू आवाजात बोलली. धाकट्याने कोठडीची रुंदी पावलांनी मोजली आणि ती आपल्या देवघराएवढी असल्याचे जाहीर केले. राजधानीतील निवासाच्या न्हाणीघरात पाणी जपून वापरण्याची सूचना लावलेली होती. एवढा पाऊस पडणाऱ्या बेटावर पाण्याची वाण कशी, असे आईने विचारले तेव्हा तेथील माणसाने सांगितले की, डोंगर समुद्राला लागून, ओढे आखूड. पाणी पडते तसे वाहून जाते. शहर एका धरणावर अवलंबून. उन्हाळ्यात धरण उतरले म्हणजे नळाला रोज पाणी येत नाही. आणि पाहुणे तर दिवसातून दोनदा आंघोळ करतात. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. तरीही आईने त्या दिवसापासून बादलीत अर्धेच पाणी घेतले आणि मुलांनाही घ्यायला लावले.

चौथ्या दिवशी स्वराज द्वीपावर सकाळी ओहोटी होती. पूर्वेकडील किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी फार दूर जाते, उघडे पडलेले खडक दिसू लागतात आणि पोहायला आलेली मंडळी निराश होऊन दुसरीकडे निघून जातात. त्यामुळे भर हंगामात, नाताळच्या आठवड्यात, तो किनारा काही तासांपुरता अगदी रिकामा झाला. समुद्री महुव्याची मोठाली झाडे तेथे वाळूवर इतकी वाकलेली आहेत की त्यांच्या फांद्यांवर बसता येते. आई एका झाडाखाली चटई टाकून बसली. वडील जवळच बसून वारंवार घड्याळ पाहत होते. मुले खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची काढलेली नक्षी पाहण्यात गुंगली.

निवासात झाडलोट करणारी एक बाई शहाळी घेऊन आली आणि आईच्या आग्रहावरून क्षणभर टेकली. दोघींनी आपापल्या हिंदीत बोलणे सुरू केले. एकीच्या हिंदीत बंगाली होती, दुसरीच्या हिंदीत मराठी, त्यामुळे कोणालाच संकोच वाटला नाही. तिचे आजीआजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून जहाजाने आले. जंगल तोडून त्यांनी भात लावला. या बेटावरील गावांची नावे त्या लोकांच्या मनातील आहेत: गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. सर्व काही मागे टाकून आलेल्या माणसांनी देव तेवढा बरोबर आणला होता.

"या दिवसांत तुम्हांला फार काम पडत असेल," आई म्हणाली.

ती बाई हसली. या दोन महिन्यांत आपण दिवसा पाठ टेकलेली नाही, असे तिने सांगितले. घरात सासू आहे, तिला दिसत नाही. दुपारी धावत जाऊन तिला भरवून यायचे. पैसे याच दिवसांत मिळतात, तेव्हा तक्रार कशाची करायची? जूनजुलैत समुद्र खवळला, बोटी कमी झाल्या म्हणजे पाहुणे येत नाहीत. "तेव्हा आम्ही झोपतो," ती म्हणाली. "पावसाचा आवाज ऐकत झोपतो."

आईने तिला कासची फुले सांगितली. आमच्याकडेही असेच असते, सप्टेंबरात. फरक इतकाच की, आम्हांला त्यांतून काही मिळत नाही. मग दोघींनी सासवांविषयी बोलणे काढले आणि ते पुष्कळ वेळ चालले. निघताना त्या बाईने आईकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही तर आत्ता रिकाम्या आहात. झोपा ना."

धाकटा खिसे भरून शंख आणि पांढऱ्या प्रवाळांचे तुकडे घेऊन आला होता. प्रवाळ मेलेला असला तरी नेता येत नाही, कायद्याने बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात, हे मुलीने त्याला समजावून सांगितले. कायद्याने त्याचे समाधान झाले नाही. मग तिने एक शंख त्याच्या तळहातावर ठेवला आणि दोघे न हलता पाहत राहिली. थोड्या वेळाने शंखाला पाय फुटले आणि आतला संन्यासी खेकडा बाहेर येऊन चालू लागला. कोणीतरी टाकलेल्या घरात तो राहायला आला होता. धाकट्याने सगळे खिसे जागच्या जागी उलटे केले.

दुपारी जेवण झाल्यावर आई पुन्हा त्या झाडाखाली आली आणि आडवी झाली. वडिलांनी ठरवून ठेवलेली रिक्षा सव्वाचारला यायची होती. चार वाजले. भरतीचे पाणी आवाज न करता वर चढत होते. वडील चटईजवळ गेले आणि तिला उठविण्यासाठी वाकले. ती एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड किंचित उघडे टाकून झोपली होती. असे गाढ झोपलेले त्यांनी तिला त्या वर्षात पाहिले नव्हते. ते तसेच वाकून उभे राहिले, मग मागे सरले. रिक्षा आली. त्यांनी रिक्षावाल्याच्या हातावर ठरलेले पैसे ठेवले, ओठांवर बोट धरले आणि त्याला परत पाठविले.

पश्चिमेचा किनारा बेटाच्या दुसऱ्या अंगाला होता. येथून सूर्य मावळताना दिसला नाही. झाडांच्या मागे आकाश तांबूस झाले, समुद्र आधी जांभळा आणि मग राखाडी झाला, एवढेच. मुले वडिलांजवळ येऊन बसली. कोणी बोलले नाही.

साताऱ्याला परतल्यावर आजी कराडहून घरी आल्या. मुलांनी सर्व हकिकत एकाच वेळी सांगितली. आजींनी भिंतीवरचा तक्ता मागवून घेतला आणि चष्मा लावून एकेक खूण पाहिली. सर्व चौकोनांत खुणा होत्या. राधानगरच्या सूर्यास्तापुढे मात्र नव्हती.

"हे राहिले का रे?"

"राहिले," वडील म्हणाले.

आजींनी तक्ता डोळ्यांजवळ नेला. त्या ओळीच्या वर, कोऱ्या ठेवलेल्या रकान्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते: दुपारी पावणेतीन ते सव्वापाच, झोप.